माझा कोड, तिचा फोन

शेलूबाजारच्या चौकात स्कूटीला गचका बसला, पिशवीतून फोन उडाला आणि मागून येणाऱ्या जीपचं चाक त्यावरून गेलं. जीपवाल्याने गाडी थांबवली, खाली उतरून तुकडे गोळा केले आणि माझ्या हातात ठेवत म्हणाला, "मॅडम, शिम निंगते का पाहा त्यातलं." सिम निघालं. मला वाटलं, चला, फोन गेला पण बाकी सगळं वाचलं.

त्याच संध्याकाळी नवीन फोन घेतला. मेलचं खातं उघडायला गेले. पासवर्ड पाठ होता, तो बरोबर लागला. पण खातं उघडलं नाही. तुम्हीच आहात याची खात्री करण्यासाठी कोड पाठवला आहे, असं पडद्यावर आलं आणि खाली एका मोबाईल नंबरचे शेवटचे दोन अंक. ते अंक मी पुन्हा वाचले. तो नंबर माझा नव्हता. म्हणजे होता, पण पूर्वी.

कधी तरी शाळेत शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण झालं होतं, मोबाईल सुरक्षित कसा ठेवायचा याचं. नुसत्या पासवर्डवर विसंबू नका, खात्याला दुसरं कुलूप लावा, असं तिथे शिकवलं. मी हौसेने तिथल्या तिथे लावलं. त्या वेळी माझ्याकडे दोन सिम होती, त्यातलं जुनं मी दिलं. पुढे दोन-दोन रिचार्ज कशाला, म्हणून ते जुनं सिम बंद पडू दिलं. जुन्या फोनमध्ये खातं कायम उघडंच असायचं, त्यामुळे त्याने कोड कधी मागितलाच नाही. दुसऱ्या कुलपाची किल्ली आपल्याकडे नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

खात्यात शाळेचे कागद होते, मुलीचे फोटो होते. त्यांच्याशिवाय भागलं असतं. पण त्याच खात्यात माझ्या बाबांचा आवाज होता.

बाबांना घशाचा कॅन्सर झाला. जन्मभर तंबाखूचा खर्रा खाल्ला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की स्वरयंत्रच काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज राहणार नाही. तिथल्या एका नर्सबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, आत्ताच त्यांचं बोलणं भरून ठेवा, नंतर माणसं फार हळहळतात. मी इंझोरीला माहेरी गेले आणि ऑपरेशनच्या आधीचे दिवस बाबांसमोर फोन धरून बसले. आधी त्यांना लाज वाटली. "काय बोलू?" एवढंच चार वेळा म्हणाले. मग बोलायला लागले ते थांबेचनात. कोणत्या वावरात कुठे खडक लागतो, विहीर खणताना काय झालं, मी लहानपणी बैलाच्या गोंड्यासाठी कशी रडले. ते सगळं मी खात्यात चढवून ठेवलं. फोनचा काय भरवसा, खात्यात राहिलेलं बरं, असं मला वाटलं होतं.

ऑपरेशन झालं. बाबा वाचले. गळ्याला आता एक भोक आहे, त्यावर पातळ कापड बांधलेलं असतं आणि तिथून श्वास येतो-जातो. ते शेतात जातात, जेवतात, हसतात. आवाज मात्र नाही.

मी माझ्या जुन्या नंबरला फोन लावला. लागण्याआधी ती सूचना वाजली, तेव्हा प्रत्येक फोनच्या आधी वाजायची ती. अनोळखी माणसाला ओटीपी देऊ नका. ती मी पूर्ण ऐकली. मीच वर्गात पोरांना हे सांगत असते.

पलीकडून बाईचा आवाज आला. "हॅलो, कोन?"

"ताई, मी शेलूबाजारहून बोलते आहे. हा नंबर आधी माझा होता."

"असंन. आता आमचा हाय. मालकानं माहे कागद देऊन घेतला, शिरपूरच्या दुकानातून."

"हो, तुमचाच आहे. फक्त आत्ता तुमच्या फोनवर एक कोड आला असेल, तो..."

मग ती म्हणाली, "ओटीपी मांगून राह्यल्या का तुमी?"

"ताई, माझं ऐका, मी शिक्षिका आहे."

"सारे असंच म्हन्तात." फोन बंद झाला.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. पुन्हा पासवर्ड टाकला, पुन्हा कोड मागवला, पुन्हा फोन लावला. तिने उचलला नाही. मी आणखी एकदा कोड मागवला. प्रत्येक वेळी तिच्या फोनवर एक नवा कोड जाऊन पडत होता आणि ती आणखी घाबरत असणार, हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी पडद्यावर आलं की खूप वेळा प्रयत्न झाले आहेत, नंतर प्रयत्न करा.

माझ्या मनात भलतेच विचार यायला लागले. माझ्या कुलपाची एक किल्ली आता तिच्या हातात होती. तिच्या घरात एखादा हुशार माणूस असला, तर तो काय काय करू शकेल? आणि तसं नसलं, तिने नुसतं घाबरून सिम फेकून दिलं, तर?

सकाळी तिकडूनच फोन आला. पुरुषाचा आवाज होता. "कोन हाय वो तुमी? काहून तरास देऊन राह्यल्या माह्या बायकोले?"

मी सांगायला लागले, पण तो ऐकून घेईना. "या नंबरानं आमाले लय सतावलं. आमी आज ऊसतोडीले चाल्लो. शिम मोडून फेकतो अन् तिकडंच दुसरं घेतो, म्हंजे झंझट नाही."

"दादा, फेकू नका! मी येते तिथे. तुमच्यासमोर येऊन सगळं सांगते."

तो आव्हान दिल्यासारखा म्हणाला, "हिंमत असंन तं या शिरपूरले. ष्टँडाच्या मांगं टोळीचा ट्रक उभा हाय. साऱ्याईसमोर मांगा. दुपारी निंघतो आमी."

दिवाळीच्या सुट्ट्या संपत आल्या होत्या. नवरा सोयाबीन घेऊन बाजार समितीत गेला होता. त्याला फोन केला तर म्हणाला, "एकटी नको जाऊ. टोळीतले लोक, समजा त्यांचा गैरसमज झाला तर?" मी म्हटलं, "तू येईपर्यंत ट्रक निघून जाईल." शाळेचं ओळखपत्र पर्समध्ये टाकलं आणि निघाले.

मालेगावपर्यंत जीप मिळाली. जीपवाला माणसं भरल्याशिवाय हलेना. मी म्हटलं, दोन सीटचे पैसे देते, पण चल. मालेगावला शिरपूरची बस नुकतीच सुटलेली होती. दुसरी लागेपर्यंत मी स्टँडवर उभीच राहिले, बसवेना. बसमध्ये शिरपूरच्या देवळाला निघालेली माणसं होती, कुणाच्या तरी डब्यातल्या चिवड्याचा वास येत होता, कंडक्टर सुट्या पैशांवरून वाद घालत होता. ही सगळी माणसं इतकी निवांत कशी, असं मला वाटत होतं. मी तिथे जाऊन काय बोलणार होते? ओळखपत्रावर माझं नाव होतं, फोटो होता. हा नंबर माझा होता, असं त्यावर कुठे लिहिलं होतं?

ट्रक अजून उभा होता. मागचा भाग निम्मा भरला होता. पत्रे, चटया, पिठाचे डबे, चुली, एका कोपऱ्यात बांधलेली बकरी. म्हाताऱ्या बायका आधीच वर चढून बसल्या होत्या. मी जवळ गेले तशी माणसं बोलायची थांबली. माझ्या आधी माझी बातमी तिथे पोचलेली होती.

"हेच थे ओटीपीवाली," कोणीतरी म्हणालं.

बाई पुढे आली. माझ्याहून लहान असेल. पदर डोक्यावर, हातात बटणांचा छोटा फोन गच्च धरलेला. तिचा नवरा तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. टोळीचा मुकादम ट्रकच्या केबिनमधून उतरला आणि म्हणाला, "बाई, कोड-फिड काही भेटनार नाही. मांगच्या साली आपल्या टोळीतल्या एकानं असाच आकडा सांगतला, खातं साफ झालं त्याचं. तुमी जा."

मी ओळखपत्र काढलं. ते हातोहात फिरलं. एकाने उलटं धरून पाहिलं. "असे कार्ड हजार बनतात," नवरा म्हणाला आणि मला परत दिलं. त्याचं काही चूक नव्हतं.

मी बोलत होते, पण माझी मलाच भीती वाटत होती. खाते, पडताळणी, प्रक्रिया, असले शब्द तोंडातून निघत होते. फसवणारी माणसं फोनवर बोलतात अगदी तशी मी बोलत होते. भोवतीचं कडं जवळ आलं. मुकादमाने खिशातून फोन काढला, "पोलीस ठाणं जवळच हाय, बलावू का?" म्हणाला. माझी शाळेची भाषा संपली.

"बलावा!" मी म्हटलं. "बलावा त्याइले. मले पैसे नाही पायजेत तुमचे. माह्या बापाचा आवाज हाय वो त्यात. त्याचा गळा कापला डॉक्टरनं, बोलता येत नाही त्याले आता. जे बोलला होता थे सारं त्या खात्यात हाय, अन् त्याची चाबी तुमच्या फोनवर येऊन राह्यली. मी का करू, सांगा!"

मग ती बाई हळूच म्हणाली, "बोलता येत नाही म्हंजे? श्वास कसा येते त्याइचा?"

"गळ्याला भोक आहे. तिथून."

"शिट्टीवानी?"

मला समजेना. "हो. तुम्हाला काय माहीत?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. "थो मुका," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "एक जन फोन करते आमाले. हे शिम घेतलं तवापासून. बोलत नाही काही. निस्ता सू-सू श्वास घेते अन् आयकत राह्यते. मी लय भेली होती, बाई. मालक कामावर जाये अन् हा फोन वाजे. मंग मी शिव्या द्याले लागली त्याले."

बाबांच्या फोनमध्ये मी फार पूर्वी एक सोय करून ठेवली होती. दोनचं बटण दाबून धरलं की मला फोन लागायचा. माझा नंबर बदलला तेव्हा नावांच्या यादीत मी नवा टाकला. दोनच्या बटणामागे जुनाच राहिला होता.

"नंबर नका दाखवू मला," मी म्हटलं. "मी म्हणते, तुम्ही पाहा."

तिने तो नंबर 'मुका' या नावाने ठेवला होता. तिचा नवरा फोन हातात घेऊन एकेका अंकावर बोट ठेवत गेला आणि मी बाबांच्या फोनचा नंबर म्हणत गेले. शेवटच्या अंकाला त्याचं बोट थांबलं. त्याने मान वर केली, पण अजून त्याचा विश्वास बसला नव्हता. त्याने तिथूनच त्या नंबरला फोन लावला, आवाज मोठा केला आणि मला खुणेने गप्प राहायला सांगितलं.

माझ्या मायने उचलला. "हॅलो?"

"या नंबरावून आमच्या घरी फोन कोन करते?" त्याने दरडावून विचारलं.

माय गडबडली. "फोन? आमी तं नाही केला, बाप्पा. हा फोन आमच्या मालकापाशी राह्यते. त्याइले बोलता येत नाही, ऑपरेशन झालं गळ्याचं. लागला असंन चुकून." मग तिचा आवाज बदलला. "पोरीले लावत असतीन थे. बटन दाबून कानाले लावून बसतात कधी कधी. मी म्हन्तो, बोलता येत नाही तं कायले लावता? तं हात हालवतात. तुमी कोन बोलून राह्यले?"

"काही नाही, मावशी. राँग नंबर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बाईने पदर तोंडाला लावला होता. "माय वो," ती म्हणाली. "मी मेल्या म्हनलं त्याइले."

बाबा पोरीला फोन लावत होते आणि पलीकडून त्यांना शिव्या ऐकू येत होत्या. त्यांनी तो आवाज माझा समजला असेल का? हे मी तेव्हाही स्वतःला विचारलं आणि नंतरही, पण त्यांना कधी विचारलं नाही.

मुकादम मात्र ढिला पडला नव्हता. "सारं खरं असंन, पर कोड देनं बरं नाही," तो म्हणाला. "उशीर होऊन राह्यला. चढा."

"फोन माह्या नावाचा हाय," ती बाई म्हणाली. तिने नवऱ्याच्या हातातून फोन परत घेतला. "मी सांगतो कोड. पर बाई, तुमी त्या कोडाचं का करता थे मले दिसलं पायजे. माह्यासमोर करा."

तिचं बरोबर होतं. कोणालाही कोड देताना घालावी अशी हीच एक अट होती. मी ट्रकच्या सावलीत खाली बसले, ती शेजारी बसली, आणि माझा फोन दोघींच्या मध्ये धरला. पासवर्ड टाकला. कालची अडवणूक उठली असेल की नाही, माहीत नव्हतं. उठली होती. कोड पाठवला आहे, असं आलं.

तिच्या फोनवर काही आलं नाही. नेटवर्कची एकच दांडी दिसत होती. ती उठून फोन वर धरून उभी राहिली. ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. बाया वरून तिला हाका मारत होत्या. कोड आला तेव्हा इंजिनच्या आवाजात मला अंक ऐकू येईनात, ती ओरडून सांगत होती, मी चुकीचा टाकला. दुसऱ्यांदा नीट टाकला तर म्हणे मुदत संपली. मुकादमाने हॉर्न वाजवला.

"आता मुदत संपली म्हन्ते," मी तिला सांगितलं. आणखी चुकलं तर खातं पुन्हा बंद होणार होतं आणि ट्रक काही उद्या इथे नसणार होता.

तिच्या नवऱ्याने ट्रकच्या बोनेटवर जोरात थाप मारली. "बंद कर बे इंजिन! मिंटभर थांब." इंजिन बंद झालं. पुन्हा कोड मागवला. या वेळी तो लगेच आला. ती एकेक अंक मोठ्याने म्हणत गेली, मी टाकत गेले, ती पडद्याकडे पाहत होती. गोल चक्र फिरत राहिलं. आणि खातं उघडलं.

मी पहिल्यांदा जुना नंबर काढला. त्या जागी नवा टाकला, त्याचा कोड माझ्याच फोनवर आला. "पाहा," मी तिला दाखवलं, "आता माझा कोड मला आला. तुमच्याकडे पुन्हा येणार नाही."

"अन् थो आवाज?" ती म्हणाली. "हाय का?"

मी फाईल शोधली आणि दाबली. आधी कोंबड्यांचा कलकलाट, मग खोकला, मग बाबा. "काय बोलू? हे चालू झालं का?"

ती मान तिरकी करून ऐकत राहिली. तिने इतके दिवस त्या माणसाचा फक्त श्वास ऐकला होता. "चांगला हाय आवाज," ती म्हणाली.

चढता चढता ती थांबली. "बाई, आमी तिकडं गेलो अन् रिचार्ज नाही मारला, तं आमचा नंबर बी असाच दुसऱ्याले जाईन का? बँकेचं, रेशनचं सारं याच्यावरच हाय."

"जाईल," मी म्हटलं. "अधूनमधून रिचार्ज मारत राहा. आणि नंबर बदलायचा झाला तर आधी बँकेत, रेशनला सांगा, मग बदला. मी उलटं केलं." तिच्या नवऱ्याने मान हलवली. सिम मोडायची गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. ट्रक निघाला.

घरी आल्यावर मी दुसरं कुलूप नीट बसवलं. आता कोड मेसेजने येत नाही. फोनमध्येच एक अ‍ॅप आहे, त्यात दर थोड्या वेळाने आकडे बदलतात. फोन हरवला तर वापरायला जे जास्तीचे कोड मिळतात ते छापून घेतले, एक प्रत नवऱ्याच्या कपाटात, एक इंझोरीला. रविवारी तिकडे गेले तेव्हा बाबांच्या फोनमधला दोनचा नंबरही बदलला. बाबांनी ते बारकाईने पाहिलं.

दुपारी ते ओसरीवर हरभऱ्याच्या बियाण्यातले खडे निवडत बसले होते. मी त्यांच्यासमोर फोन ठेवला आणि विहिरीची गोष्ट लावली. मला भीती होती की ते रडतील किंवा उठून जातील. त्यांनी हात थांबवले आणि ऐकलं. मध्येच कपाळाला आठ्या घातल्या आणि हाताने थांबव म्हणून सांगितलं. मी थांबवलं. ते ओठांनी काही म्हणत होते, बोटांनी जमिनीवर गोल काढत होते.

मला कळेना. मायने भाकरीचं पीठ टाकून बाहेर येऊन त्यांच्या ओठांकडे पाहिलं. आता तिला ते बरोबर वाचता येतं. "थे म्हन्तात," ती म्हणाली, "चुकलं. पानी पुर्वेच्या अंगाले नोयतं लागलं. पच्चिमेले लागलं होतं. तवा घाईघाईत भलतंच बोललो."

बाबांनी जोरात मान डोलावली आणि फोनकडे बोट दाखवलं. दुरुस्त कर.

"मी कशी दुरुस्त करू?" मी म्हटलं. "तुमच्याच तोंडचं आहे ते."

ते आणखी जवळ सरकले. मायला खुणेने बसायला सांगितलं. त्यांचे ओठ हलायला लागले, माय त्यांच्याकडे पाहत एकेक वाक्य मोठ्याने म्हणायला लागली, आणि मध्येच म्हणाली, "हे भरून राह्यलं का यात?"

मी लाल बटण दाबलं. "आता भरतंय," मी म्हटलं. "बोल."